टाचण आधी की मूल आधी? बालवाडीतल्या खेळाचं नियोजन तुम्ही कसं करता?

पाटीपेन्सिल (नेरूळ) | ७ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. नेरूळला माझी छोटी बालवाडी आहे. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे फरशी घातलेलं अंगण, अंगणात बदामाचं झाड. साडेतीन ते पाच वयाची २२ मुलं, मी आणि मदतीला एक मावशी. १५ तारखेला नवं वर्ष सुरू होतंय आणि मी टाचणवही उघडून बसले आहे. पान अजून कोरं आहे. म्हणून हा धागा.

बालवाडीच्या कोर्समध्ये आम्हाला जूनमध्येच मार्चपर्यंतचं नियोजन लिहायला शिकवलं होतं. जून पाऊस, जुलै झाडं, ऑगस्ट सण, असं. त्यात दर आठवड्याला एक गाणं, एक गोष्ट, एक कृती, एक अक्षर. आठ वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. पाऊस चालू असताना मुलं भिंतीवरच्या मुंग्यांच्या रांगेत रमली, तर त्यांना उठवून होड्या करायला बसवलं. तेव्हा ते बरोबर वाटायचं. आता त्याचं वाईट वाटतं.

बदल झाला तो गेल्या वर्षी, एका खोक्यामुळे. दिवाळीत शेजाऱ्यांनी नवा फ्रिज घेतला, त्याचं खोकं मागून घेतलं. टाचणात त्या आठवड्याला ‘माझे घर’ होतं, म्हणून आदल्या दिवशी बसून मी खोक्याला दार आणि दोन खिडक्या कापून ठेवल्या. सकाळी मुलं आली आणि दहा मिनिटांत त्या घराची लिफ्ट झाली. एक मुलगी आत उभी राहून प्रत्येकाला विचारत होती, “कितवा?” मुलं मजला सांगायची, ती पुठ्ठ्यावर बोट दाबायची, सगळे गप्प उभे राहायचे, मग “आला!” म्हणून बाहेर. बाहेर येऊन पुन्हा रांगेत.

आमच्याकडे पाम बीच रोडच्या टॉवरमधली मुलं आहेत, सिडकोच्या जुन्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगमधली आहेत आणि दारावे गावातलीही आहेत. सिडकोवाला एक मुलगा लांब उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, “मी पण चौथ्या मजल्यावर राहतो, पण मी चालत जातो.” कोणी लक्ष दिलं नाही. तेव्हा त्याने खोलीतले बसायचे पाट आणून खोक्याशेजारी एकावर एक रचले आणि जिना केला. मग शर्यत, लिफ्ट आधी पोचते की जिना. लिफ्टवाल्यांना थांबून आकडे म्हणावे लागायचे, जिनेवाल्याला पाट चढावे लागायचे. तो बहुतेक वेळा जिंकला.

दुसऱ्या दिवशी भांडण. एकजण म्हणे बारानंतर चौदा येतो, तेरा नसतोच, त्याच्या बिल्डिंगमध्ये नाही. दुसरी म्हणे असतो, आजी तेराव्यावर राहते. मी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी जुन्या कॅलेंडरची पानं काढून ठेवली, तिसऱ्या दिवशी सकाळी ती, कात्री आणि खळ खोक्याजवळ ठेवली, इतकंच. मुलांनी तारखा कापल्या आणि खोक्यावर चिकटवायला लागली. १ सगळ्यात वर, २ त्याच्या खाली. सातपर्यंत आल्यावर जिनेवाला मुलगा म्हणाला, “एक खाली पाहिजे. वर गेलं की मोठा होतो.” त्यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी सगळे आकडे ओले असतानाच सोलून काढले आणि खालून वर पुन्हा लावले. ३१ मजल्यांची बिल्डिंग झाली. तेरा होता. त्यावर एकाने खडूने काट मारली आणि सांगितलं, “हा माझ्यासाठी बंद आहे.”

चार वर्षांच्या मुलाला ‘संख्या वर जाताना वाढते’ हे मी फळ्यावर कसं शिकवलं असतं? आठ वर्षं शिकवत होतेच, पण एकाही मुलाने त्यावरून वाद घातल्याचं मला आठवत नाही.

माझ्या टाचणात त्या आठवड्याला लिहिलेलं होतं: भिंत, दार, खिडकी, छप्पर.

तर विचारायचं हे. खेळ मुलं ठरवणार असतील, तर मी जूनमध्ये काय लिहायचं? काहीच न लिहिणं मला पटत नाही, कारण ते खोकं, ती पानं, ती कात्री कोणीतरी विचार करूनच ठेवलेली असते. तुमच्यापैकी जे शिकवतात, जे आईबाप आहेत, ते हे कसं करतात?


अवनीची_आई (घोडबंदर रोड) | ७ जून, रात्री ११:१५

ताई, खूप सुंदर लिहिलंय, पण मनातली भीती सांगते. अवनी साडेचार वर्षांची आहे. आमच्या सोसायटीतली तिच्या वयाची मुलं इंग्रजी कॅपिटल, स्मॉल आणि मराठी मुळाक्षरं लिहितात, ५० पर्यंत अंक लिहितात. एका शाळेत चौकशीला गेलो तर मुलीसमोरच विचारलं, “किती लिहिता येतं?” अवनीला तिचं नावही पूर्ण लिहिता येत नाही. घरी पेन्सिल दिली की दोन मिनिटांत हात दुखतो म्हणते. लिफ्टच्या खेळातून आकडे कळतील हे पटतं. पण लिहिणार कधी? मी चुकते आहे की ती मागे आहे, हेच कळत नाही.


मोगरी | ८ जून, सकाळी ७:०२

“हा माझ्यासाठी बंद आहे.” किती गोड! ताई, तुम्ही संध्याकाळी नक्की काय लिहिता ते सांगा ना. आमच्या प्लेग्रुपमध्ये महिन्याचा तक्ता भरूनच द्यावा लागतो.

अजून एक. माझा लेक (पावणेचार) कुठल्याच खेळात शिरत नाही. बाजूला उभा राहून बघतो. घरी आला की तोच खेळ एकटा खेळतो. त्याला ढकलावं का?


हातचा_एक (कळवा) | ८ जून, सकाळी ९:३०

अवनीची आई, मी लहान मुलांबरोबर काम करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. तुमच्यासारखा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा त्या जागी नुसती कूर्चा असते. मग एकेक करून तिचं हाड बनत जातं. शेवटचं हाड दिसायला लागतं ते साधारण ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान. साडेचार वर्षांच्या मुलीचं मनगट अजून घडतंय. शिवाय पेन्सिल धरायची ताकद बोटांतून सुरू होत नाही. खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि सगळ्यात शेवटी बोटं. ज्या मुलाला लोंबकळायला, रांगायला, ढकलायला, उचलायला मिळालेलं नाही, त्याचा हात कागदावर लवकर दमतो.

म्हणून मी लिखाणाचा सराव न सांगता कामं सांगते. लसूण सोलायला द्या. कणीक मळायला द्या. ओलं फडकं पिळायला द्या. पावसाळ्यात घरात दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतो, ते चिमटे लावायला आणि काढायला द्या. चिमटा दाबताना अंगठा आणि पहिली दोन बोटं जे करतात, तेच पुढे पेन्सिलीवर करायचं असतं. भिंतीला मोठा कागद लावून उभ्याने रंगवू द्या, त्यात खांदा आणि मनगट दोन्ही घडतात.

हे सगळं केल्यावरही काही महिन्यांत हात लवकर दमत असेल, बटणं लागत नसतील, जिना चढताना तोल जात असेल, तर दाखवून घ्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी मला ती मागे वाटत नाही. मुलीसमोर “किती लिहिता येतं” हा प्रश्न मात्र कोणीही विचारू नये. मूल ते विसरत नाही.


स्पष्टबोली | ८ जून, सकाळी १०:१०

हे सगळं परदेशी खूळ आहे. तिकडे वर्गात दहा मुलं असतात. आपल्याकडे वाडवडील पाटीवर गिरवूनच शिकले.


नौपाड्याची_बाई | ८ जून, दुपारी १२:४५

स्पष्टबोली, तुमचा राग मला कळतो, कारण परदेशी नावं लावून महागडी दुकानं मांडलेली मीही पाहिली आहेत. पण हा विचार परका नाही. तुम्ही आम्ही राहतो त्या ठाणे जिल्ह्यातच त्याची मुळं आहेत.

मी नौपाड्यात ३१ वर्षं शिशुवर्ग चालवला. आमच्या पिढीच्या शिक्षिकांना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही घरातली नावं होती. गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं, ताराबाई तिथे त्यांच्याबरोबर काम करायला लागल्या आणि १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. मॉण्टेसरीबाईंची पद्धत त्यांनी मनापासून घेतली, पण जशीच्या तशी ठेवली नाही. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी आणि कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.

आता नियोजनाच्या दृष्टीने त्यांनी काय केलं ते बघा. महाग साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पानं, फुलं यांचीच साधनं केली. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा मुलांना दोष न देता बालवाडीच पाड्यावर, घराच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. थोडी मोठी मुलं गुरं चारायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तर शाळा कुरणात गेली, कुरणशाळा झाली. मूल जिथे आहे आणि जे करतं आहे, तिथून शाळेने सुरुवात करायची. आज ‘मूल पुढे, ताई मागे’ म्हणतात ते याहून वेगळं नाही. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं.

मी स्वतः कोसबाडला प्रशिक्षणासाठी जाऊन आले आहे. चिंचेचे चिंचोके आणि गुंजा घेऊन मुलं अंगणात जे हिशेब मांडत होती, ते पाहून परत आल्यावर मी वर्गातलं मण्यांचं कपाट कुलूप काढून खाली ठेवलं. तोवर ते वस्तू खराब होतील म्हणून बंद असायचं. (गुंजा विषारी असतात. लहान मुलांच्या हाती आज मी त्या देणार नाही. चिंचोके पुरेत, तेही तोंडात घालणाऱ्या वयाच्या पुढे.)

मोगरी, तुझ्या लेकाला ढकलू नकोस. बाजूला उभं राहून बघणं हा खेळाचाच एक टप्पा आहे. मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या संशोधिकेने १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे जे प्रकार नोंदवले, त्यात हा बघ्याचा प्रकार वेगळा धरला आहे. तो घरी येऊन तोच खेळ खेळतो म्हणजे सगळं आत घेतोय. त्याच्या ताईंना एवढंच सांग, की खेळ चालू असताना त्याच्याजवळ बसून त्याच वस्तूंनी आपण आपला खेळ मांडावा. बोलवायचं नाही. हात मोकळा झाला की तो येईल.


पाटीपेन्सिल (नेरूळ) | ८ जून, रात्री ९:५०

बाई, नमस्कार करते. कपाटाचं कुलूप वाचून गलबललं. माझ्याकडेही एक कुलूप आहे, उद्याच काढते.

मोगरी, वहीचं सांगते. उघडल्यावर डावं पान ‘आज काय दिसलं’ आणि उजवं पान ‘उद्या काय ठेवू’. डाव्या पानावर रोज तीनच मुलं. मूल काय करत होतं आणि काय बोललं, त्याच्याच शब्दांत. ‘छान खेळला’, ‘चंचल आहे’ असलं लिहायचं नाही. त्यातून दुसऱ्या दिवशी मला काहीच सुचत नाही. २२ मुलांची फेरी दीडेक आठवड्यात होते. आणि एखाद्या मुलाचं नाव यायलाच पाहिजे म्हणून लिहायला बसले आणि आठवलंच नाही, तर समजायचं की ते मूल गेले आठ दिवस मला दिसलेलं नाही. दुसऱ्या दिवशी आधी त्याच्याकडे जायचं.

उजव्या पानावर कृती लिहीत नाही, वस्तू आणि जागा लिहिते. एक खरं पान देते:

डावीकडे: “तिने सगळी भांडी दाराबाहेर नेली, परत आत आणली. चार वेळा. ‘सामान शिफ्ट करतोय, नवीन घरी.’” (तिचं घर त्या महिन्यात बदलणार होतं.)

उजवीकडे: “दोन कापडी पिशव्या, दोरी लावलेला ट्रे, जुनी कुलपं-किल्ल्या. बाहुलीघर कोपऱ्यातून दाराजवळ हलवायचं. गोलात ‘घर बदलताना काय न्यायचं’ यावर गप्पा, तिला बोलावंसं वाटलं तर.”

आणि वर्षाच्या सुरुवातीला काय? ते मी अजून शोधतेय. सध्या वहीच्या शेवटच्या पानावर या वयाच्या मुलांना वर्षभरात काय काय मिळालं पाहिजे ते लिहून ठेवलंय. गोष्ट ऐकून पुढचा अंदाज करणं, वस्तूंचे गट करणं, कमी-जास्त, यमक ओळखणं, वाट पाहणं, राग आला तर शब्दांत सांगणं. महिनाअखेरीला डावी पानं वाचते आणि त्या पानावर खुणा करते. गेल्या जानेवारीत दिसलं की यमकासमोर एकही खूण नाही. मग महिनाभर बडबडगीतं वाढवली, शेवटचा शब्द मुलांनी भरायचा, उलटसुलट शब्द जोडून हसायचं. ते मी ठरवलं, मुलांनी नाही. मला त्यात काही चूक वाटत नाही.


दिघा_अंगणवाडी | ९ जून, दुपारी ३:२०

मी सेविका आहे. पहिल्यांदाच लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची खोली १० बाय १२. पटावर ३० मुलं, रोज वीसएक येतात. मी आणि मदतनीस. आहार वाटप, वजन-उंची, लसीकरणाच्या याद्या, गरोदर बायांच्या नोंदी, पोषण ट्रॅकरचं ॲप भरायचं. रोज तीन मुलांचं लिहायला मला जमणार नाही ताई, खरं सांगते. आता अंगणवाडीसाठी आधारशिला हा अभ्यासक्रम आलाय, त्यात ४८ आठवड्यांचं नियोजन दिलेलं आहे, खेळ, गोष्टी सगळं आहे. मी त्याप्रमाणे करते. पण पाऊण तास मी मुलांचा ठेवलाय.

तीन घमेली ठेवते. एकात रेती, एकात बाटल्यांची झाकणं आणि नारळाच्या करवंट्या, एकात जुनी भांडी. आमच्याकडच्या मुलांचे आईबाप बहुतेक बांधकामावर. गेल्या वर्षी एका पोराने रेती ओली करून ताटात थापली, कडेने झाकणं उभी केली आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, “स्लॅब टाकलाय, पाय देऊ नका. सात दिवस पाणी मारायचं.” मला वाटलं आजचा खेळ आहे. दुसऱ्या दिवशी तो आल्या आल्या तांब्या घेऊन पाणी मारायला लागला. मी ते ताट तसंच खिडकीत ठेवलं, रेती सांडू दिली नाही. त्याने रोज पाणी मारलं. किती दिवस झाले ते कसं कळणार, असं मी विचारलं तर कोळशाने भिंतीवर रेघ ओढायला लागला. मध्ये शनिवार-रविवार आला. सोमवारी त्याने दोन रेघा जास्त ओढल्या. म्हणाला, “पाणी नाही मारलं पण दिवस झाले ना.”

माझ्या सुपरवायझर मॅडम आल्या तेव्हा मी त्या रेघा दाखवल्या. त्यांनी फोटो काढून घेतला.

मी लिहीत नाही, पण मोबाइलमध्ये बोलून ठेवते. घरी जाताना चालता चालता दोन मिनिटं, आज अमक्याने असं केलं. सकाळी येताना तेच ऐकते. त्यात उद्याचं सुचतं.


नौपाड्याची_बाई | ९ जून, दुपारी ४:०५

सेविकाताई, ताट खिडकीत ठेवलंत हे तुमचं नियोजन. “उचला आता, आवरा” असं त्या दिवशी म्हटलं असतं तर सात दिवस झालेच नसते. बोलून ठेवण्याची युक्तीही मोठी आहे.


येऊरच्या_वाटेवर (ठाणे) | ९ जून, रात्री ८:३०

बाप आहे, शिक्षक नाही. मुलगा तीन वर्षांचा. सगळं फेकतो. चमचा, गाडी, चप्पल, काल मोबाइल. ओरडून झालं, समजावून झालं. यातही काही शिकणं असतं का?


पाटीपेन्सिल (नेरूळ) | ९ जून, रात्री ९:१५

असतं. लहान मुलं काही काळ एखाद्या हालचालीच्या मागे लागलेली असतात. मानसशास्त्रज्ञ पियाजेपासून अभ्यासक त्याला स्कीमा म्हणतात. कोणी सगळं इकडून तिकडे नेतं (आमची ‘सामान शिफ्ट’वाली), कोणी सगळं गुंडाळतं, कोणी वस्तू डब्यात घालून झाकण लावतं. तुमचा मुलगा वस्तू कशी जाते, कुठे पडते, आवाज कसा होतो याच्या मागे आहे. तेव्हा फेकण्यासारखं द्या. मोज्यांचे गोळे आणि टोपली, टोपली रोज एक पाऊल लांब. पीव्हीसीचा पाइप जिन्यावर तिरका बांधा, वरून गोट्यांऐवजी मोठे चेंडू सोडा. तलावपाळीला नेऊन खडे पाण्यात टाकू द्या, आसपास कोणी नाही हे बघून. आणि “माणसावर नाही, अन्न नाही, मोबाइल नाही” हे तीन नियम ठाम. दर वेळी त्याच शब्दांत, आवाज न चढवता.


पहिलीची_शिक्षिका (ऐरोली) | १० जून, सायंकाळी ६:४०

सगळं वाचलं. मनापासून आवडलं, तरी एक वेगळी बाजू मांडते. माझ्याकडे जूनमध्ये पहिलीत ४० मुलं येतात. त्यातली काही ‘मुक्त’ म्हणवणाऱ्या प्लेस्कूलमधून आलेली असतात. त्यांना पाच मिनिटं गोष्ट ऐकवत नाही, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबता येत नाही, हातातलं सोडून दुसरीकडे पळायची सवय असते. त्याच वर्गात अंगणवाडीतून आलेलं मूल शांतपणे गोलात बसतं. मुलांवर सोडलं या नावाखाली मोठ्यांनी लक्ष काढून घेतलेलं मी पाहिलं आहे. जी मुलं बोलकी आणि दांडगी, त्यांना खेळ मिळतो. बाकीची भिंतीला टेकून बसतात. घरात पुस्तकं नाहीत, बोलायला कोणी नाही, अशा मुलाला ताईने स्वतःहून शब्द दिले नाहीत, तर ते कुठून येणार? कृपया हे हलकं घेऊ नका.


पाटीपेन्सिल (नेरूळ) | १० जून, रात्री १०:३०

बाई, हलकं घेत नाहीये. तुमचं म्हणणं माझ्या वर्गात घडलेलं आहे.

खोक्यानंतर मी इतकी भारावले होते की डिसेंबरात टाचण पूर्ण बंद केलं. वस्तू मांडायच्या आणि मागे सरायचं. पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात ठोकळ्यांचा कोपरा तीन मुलांचा झाला. रोज तीच तिघं, रोज तोच टॉवर, आणि तो पाडल्यावर मारामारी. दोन मुली सकाळपासून मावशींच्या पदराला धरून. मी हस्तक्षेप केला नाही, कारण ‘मुलं पुढे’ असं मनाशी धरून बसले होते. एका आईने विचारलं, “ताई, ती दिवसभर काय करते?” आणि मला सांगता आलं नाही.

त्या सुट्टीत २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा नीट वाचला. तोवर नुसतं नाव माहीत होतं. त्यात खेळाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मुक्त खेळ, ज्यात मूल ठरवतं आणि मूलच चालवतं. मार्गदर्शित खेळ, ज्यात मूल चालवतं आणि ताई आधार देते. आणि ताईने आखलेला खेळ, ज्यात नियम असतात, क्रम असतो. तिन्ही लागतात. मी मधला प्रकार पूर्ण सोडून दिला होता, आणि खरं कसब तिथेच लागतं. (अवनीची आई, तीन ते सहा वयाला ठरवून दिलेलं पाठ्यपुस्तक नसावं आणि या स्तरावर परीक्षा नकोत, हेही त्याच आराखड्यात आहे. शाळेत विचारलं तर सांगता येईल.)

जानेवारीपासून दिवस असा केला. आल्यावर गोलात गाणं आणि मुलांना एक प्रश्न, आज कुठे खेळणार, कशाने? मग तासभर खेळ. शेवटी पुन्हा गोल, काय केलं, काय अडलं. अमेरिकेत मिशिगनमधल्या हायस्कोपच्या पद्धतीत हेच आहे, ठरवणं, करणं, आठवणं. साध्या तीन पायऱ्या, पण ‘मी ठोकळ्यांशी जाणार आणि पूल बांधणार’ असं तोंडाने म्हटलेलं मूल मध्येच सोडून पळत नाही. निदान कमी पळतं. गोष्ट रोज, ठरलेल्या वेळी, सगळ्यांनी मिळून. ती मुलांच्या मर्जीवर नाही.

आणि खेळात शिरायचं ते कसं, हे अजून शिकतेच आहे. “हा रंग कोणता? हे किती?” असं विचारलं की खेळ थांबतो, मूल माझ्या तोंडाकडे बघायला लागतं. त्याऐवजी शेजारी बसून, “मला कळत नाहीये, हा पूल मधेच का वाकतोय” असं स्वतःशीच म्हटलं तर उत्तर येतं. कधी येत नाही. मग गप्प बसायचं, आणि ते मला सगळ्यात अवघड जातं. ज्या मुलाकडे शब्द कमी आहेत, त्याच्याबरोबर मात्र मी भरपूर बोलते. त्याच्या हातात जे चालू आहे त्याचंच नाव घेत, “तू घट्ट दाबतोयस, पाणी बाहेर आलं, आता घळघळ वाहतंय” असं. शब्द ताईनेच द्यायचे, हे तुमचं शंभर टक्के बरोबर.

ठोकळ्यांच्या कोपऱ्यात आता चौघांचीच जागा, दारावर चार चिमटे. चिमटा कपड्याला लावायचा आणि आत जायचं. चिमटे संपले की जागा संपली. त्या दोन मुलींना पहिला चिमटा मी स्वतः लावला.


पहिलीची_शिक्षिका (ऐरोली) | १० जून, रात्री ११:०५

चिमट्याची युक्ती माझ्या वाचनकोपऱ्यासाठी घेते. ‘काय अडलं’ हा प्रश्न पहिलीतही विचारून बघेन. माझ्या वर्गात चाळीस मुलं असली तरी सहा-सहाचे गट करता येतील.


मोगरी | ११ जून, सकाळी ७:१५

अपडेट: लेकाच्या ताई काल त्याच्याजवळ नुसत्या बसल्या, त्यांचे त्यांचे ठोकळे लावत. वीसेक मिनिटांनी त्याने त्यांना एक ठोकळा दिला. बोलला काही नाही. दिला.


अवनीची_आई (घोडबंदर रोड) | १४ जून, दुपारी १:३०

इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. रविवारपासून पेन्सिल बाजूला ठेवली. बाल्कनीत पाऊस येतो म्हणून हॉलमध्ये दोरी बांधली आहे, तिथे कपडे वाळत घालताना अवनीला चिमटे दिले. तिने रुमालाला दोन चिमटे लावले, मग कपडे सोडून नुसते चिमटेच ओळीने लावत सुटली. विचारलं तर म्हणाली, “ट्रेन आहे. आजीकडे चाललीय.” माझी आई कोपरखैरण्याला राहते, आम्ही ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या लोकलने जातो. मग प्रत्येक चिमट्याला स्टेशन. ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. हे म्हणाले, “दिघा गाव राहिलं.” ती म्हणाली, “तिथे कोणी राहत नाही ना आपलं.” तरी एक चिमटा मध्ये घातला, मग बाकीचे सगळे पुढे सरकवले.

संध्याकाळी तिनेच कागद मागितला. स्टेशनांच्या पाट्या करायच्या होत्या. ‘अजी’ असं लिहिलं, काना वेलांटी जिथे जमली तिथे. मी काही दुरुस्त केलं नाही. हात दुखतो म्हणाली नाही. काल प्रवासात खरंच दिघा गाव मोजलं आणि खिडकीतून पाटी शोधली.

हातचा_एक ताई, तुमचे खूप आभार. शाळेच्या चौकशीला आता वेगळ्या ठिकाणी जाणार आहोत. जाताना ती पाटी बरोबर नेऊ का, असा विचार करतेय.


हातचा_एक (कळवा) | १४ जून, दुपारी २:१०

नक्की न्या. आणि अवनीला विचारून न्या, ती तिची आहे.


पाटीपेन्सिल (नेरूळ) | १४ जून, रात्री ९:००

उद्या शाळा. पहिल्या पानावर अजून विषय लिहिलेला नाही. उजव्या पानावर एवढंच आहे: “अंगणात दोन घमेली, एक रेती, एक पाणी. दाराजवळ चिमटे. गोष्ट एक, नेहमीची. रडणाऱ्यांसाठी मावशी झोपाळ्याशी.”

सेविकाताई, करवंट्या नक्की किती लागतात आणि कडा कशाने घासून घेता ते सांगा ना. आणि नेरूळ, सानपाडा, जुईनगरकडच्या ताईंनो, आंब्याचा हंगाम संपत आलाय. मी शनिवारी सकाळी सातला वाशीच्या फळबाजारात पुठ्ठ्याचे रिकामे खोके आणायला जाणार आहे. गाडीत जागा आहे. पिना काढून, पुसून, दोन दिवस उन्हात ठेवूनच मुलांना द्यायचे आहेत, पण ऊन कधी पडेल ते बघावं लागेल. कोणाला किती हवेत ते इथेच सांगा.